फार्मसीच्या प्रवेशाला नकार आल्यानंतरचं वर्ष: पुन्हा अर्ज करण्याआधी काय काय करायचं

फार्म.डी.च्या, म्हणजे अमेरिकेत फार्मासिस्ट होण्यासाठी लागणाऱ्या पदवीच्या, प्रवेशाला नकार आला की घरचे समजूत घालतात, 'जाऊ दे, अख्खं वर्ष आहे हातात.' मलाही तेच सांगितलं गेलं आणि मी निवांत झालो. पण अख्खं वर्ष हातात नसतंच. अमेरिकेतल्या फार्मसी कॉलेजांपैकी बहुतेकांचे अर्ज फार्मकॅस या एकाच केंद्रीय पोर्टलवरून जातात आणि पुढच्या प्रवेशांसाठीचे अर्ज साधारण जुलैच्या मध्याला सुरू होतात. नकार मार्चमध्ये आला असेल तर मध्ये उरतात जेमतेम चार महिने. अंतिम मुदत कॉलेजागणिक वेगळी असते, काहींची तर पार पुढच्या जूनपर्यंत. पण बरीच कॉलेजं अर्ज येतील तसे वाचतात, मुलाखती घेतात आणि जागा भरत जातात. मुदत जूनची आहे म्हणून एप्रिलमध्ये अर्ज करणाऱ्याला उरलेल्या जागांवरच समाधान मानावं लागतं.

म्हणून या वर्षाचे पहिल्याच दिवशी दोन भाग करा. अर्ज जाईपर्यंतचे पाच-सहा महिने आणि त्यानंतरचे. अर्जात जे दिसायला हवं ते पहिल्या भागातच व्हायला हवं. दुसऱ्या भागात केलेलं काम मुलाखतीत सांगता येतं, पण मुलाखतीला बोलावणं आलं तरच. मी पहिला भाग 'आधी जरा सावरू' म्हणत घालवला होता, म्हणून हे इतकं ठासून सांगतोय.

आणि दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याकडे पाहताना प्रवेश समितीसमोर मुख्य प्रश्न एकच असतो: गेल्या वेळेपासून काय बदललं? खाली जे काही सांगितलं आहे ते या एका प्रश्नाचं उत्तर तयार करण्यासाठी आहे.

नकाराचं कारण विचारून घ्या

बहुतेक जण ही पायरी संकोचापायी गाळतात. नकार आल्यावर आठवडाभरात त्या कॉलेजच्या प्रवेश विभागाला चार ओळींचा ईमेल पाठवा. विचार केल्याबद्दल आभार, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार असल्याचा उल्लेख आणि एकच विनंती: माझा अर्ज कुठे कमी पडला हे दहा मिनिटं फोनवर सांगू शकाल का? निर्णयावर वाद घालू नका, गुणांची सफाई देऊ नका. काही कॉलेजं उत्तर देत नाहीत, काही ठरावीक मजकूर पाठवतात, पण काही ठिकाणी खरंच कुणीतरी फाइल उघडून बोलतं.

मला एका ठिकाणाहून फोन आला. मला वाटत होतं, माझी केमिस्ट्री आडवी आली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, गुण ठीक होते, पण तुमच्या निबंधात 'लोकांना मदत करायची आहे' याखेरीज काहीच नव्हतं. फार्मासिस्ट दिवसभर काय करतो हे तुम्हाला माहीत आहे असं कुठे दिसलं नाही. मी तोवर पुन्हा केमिस्ट्रीचा क्लास लावायला निघालो होतो. त्या फोनने माझे चार महिने आणि बरेच डॉलर वाचवले.

उत्तर आलंच नाही तर स्वतः बसा. जुना अर्ज छापून घ्या आणि चार गोष्टी वेगवेगळ्या तपासा: गुण, अनुभव, शिफारसपत्रं, निबंध. मुलाखतीपर्यंत पोहोचून नकार आला असेल तर कागदावरचा अर्ज बहुधा पुरेसा होता, घोळ मुलाखतीत झाला. मुलाखतीचं बोलावणंच कुठून आलं नसेल तर दुखणं कागदावर आहे. आणि अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये गेला असेल तर उशीर हेच एक मोठं कारण असू शकतं.

गुणांचं गणित आधी कागदावर करा, मग क्लास लावा

इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. विषय पुन्हा दिला की जुनी ग्रेड पुसली जाते असं अनेकांना वाटतं. तुमचं विद्यापीठ तसं करत असेलही. फार्मकॅस करत नाही. ते तुमच्या सगळ्या कॉलेजांचे सगळे विषय घेऊन स्वतःचा जीपीए (चारपैकी ग्रेडची सरासरी) काढतं आणि त्यात पहिला प्रयत्न आणि दुसरा, दोन्ही धरतं.

आकडे मांडून पाहू. समजा तुमचे ७० क्रेडिट (प्रत्येक विषयाचं ठरलेलं वजन) झालेत आणि जीपीए २.८ आहे. म्हणजे ७० गुणिले २.८, १९६ गुणबिंदू. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी होता, तो चार क्रेडिटचा विषय पुन्हा देऊन ए मिळवला. ए म्हणजे क्रेडिटमागे चार, तेव्हा १६ बिंदू वाढले, पण क्रेडिटही ७४ झाले. २१२ भागिले ७४, म्हणजे २.८६. एका अख्ख्या सत्राच्या मेहनतीतून वाढ झाली ०.०६ ची. आता दुसरा मार्ग: बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, फिजिऑलॉजी असे वरच्या पातळीचे १५ क्रेडिट घेतले आणि सरासरी ३.८ राखली. १९६ मध्ये ५७ मिळवा, २५३ भागिले ८५, जवळपास २.९८. सरासरी इथेही फार उडी मारत नाही. पण वाचणाऱ्याला दिसतं की अलीकडच्या १५ क्रेडिटमध्ये, तेही अवघड शास्त्रविषयांत, हा मुलगा ३.८ ने चाललाय. सरासरी हलवणं कठीण असतं, चढता आलेख दाखवणं आवाक्यातलं असतं.

मग विषय पुन्हा कधी द्यायचा? प्रवेशासाठी लागणाऱ्या विषयात सीपेक्षा खाली ग्रेड असेल तर द्यावाच लागतो, कारण बहुतेक कॉलेजं त्याखालची ग्रेड धरत नाहीत. विषय फार जुना झाला असेल तरीही. काही कॉलेजं शास्त्रविषयांना वर्षांची मर्यादा घालतात. आणि पाया खरोखर कच्चा असेल, म्हणजे रेणूची आकृती पाहून कार्बोनिल कुठे, अमाइन कुठे हे ओळखता येत नसेल, तर ग्रेडसाठी नव्हे, पुढच्या मेडिसिनल केमिस्ट्रीसाठी तो विषय पुन्हा करा. बाकी वेळी पुढचा विषय घ्या.

फार्मकॅस शास्त्र आणि गणित यांचे जीपीए वेगळेही काढतं, तेव्हा सोपे विषय घेऊन एकूण आकडा फुगवण्याने कुणी फसत नाही. आणि नोकरी सांभाळून झेपतील तेवढेच विषय घ्या. या वर्षातली एक 'डब्ल्यू' (विषय मध्येच सोडल्याची नोंद) किंवा सी जुन्या तीन सींपेक्षा जास्त बोचते.

जाता जाता एक सूचना. जुन्या मार्गदर्शक लेखांमध्ये अजूनही पीकॅट या फार्मसी प्रवेश परीक्षेची तयारी करायला सांगितलेलं दिसतं. ती परीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंद झाली. कुणी तिची पुस्तकं देऊ केली तर घेऊ नका.

काउंटरच्या आत जा

माझ्या मते या वर्षातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही. फार्मसी टेक्निशियनची, म्हणजे फार्मासिस्टच्या मदतनीसाची, नोकरी धरा. दुकानातली असो वा हॉस्पिटलमधली, पगार कमी असो, वेळा अडनिड्या असोत. शॅडोइंगचे, म्हणजे नुसतं शेजारी उभं राहून पाहण्याचे, दहा तास आणि काउंटरमागचे पाचशे तास यांची तुलनाच होत नाही.

नियम राज्यागणिक बदलतात. बहुतेक राज्यांत स्टेट बोर्ड ऑफ फार्मसीकडे टेक्निशियन म्हणून नोंदणी किंवा परवाना लागतो, कुठे प्रशिक्षणार्थी म्हणून लगेच सुरुवात करता येते. आपल्या राज्याच्या बोर्डाची वेबसाइट उघडून त्याच दिवशी अर्ज टाका, कारण पार्श्वभूमी तपासणीत आठवडे जातात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर पगारी कामच नव्हे, बिनपगारी कामाआधीही आपल्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. इथे अंदाजाने पाऊल टाकू नका.

जमल्यास पीटीसीबी या टेक्निशियनना प्रमाणित करणाऱ्या मंडळाचं प्रमाणपत्रही मिळवा. त्यासाठी एक तर त्यांनी मान्य केलेला प्रशिक्षणक्रम पूर्ण करावा लागतो किंवा किमान ५०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. आठवड्याला २५ तास धरले तर २० आठवडे. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर ऑगस्टअखेर तुम्ही परीक्षेला बसू शकता. परीक्षेत ९० प्रश्न असतात, त्यातले ८० गुणांसाठी धरले जातात, आणि १००० ते १६०० च्या मोजपट्टीवर १४०० ला पास. प्रमाणपत्र नसलं म्हणून प्रवेश अडत नाही, पण अर्जातल्या 'मी शिकतोय' या दाव्याला तो पुरावा असतो.

आता कामावर काय पाहायचं ते. पहिल्या आठवड्यात तुम्ही ट्रेवर गोळ्या ओतून स्पॅच्युलाने पाच-पाच करून मोजत असाल आणि वाटेल, याच्यासाठी आठ वर्षं शिकायचं? थोडं थांबा. एक दिवस शेल्फवर हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिन शेजारी दिसतील. एक खाजेवर आणि अस्वस्थतेवर, दुसरं रक्तदाबावर. लेबलावर नावाच्या मधलीच काही अक्षरं मोठ्या लिपीत छापलेली असतात, डोळ्याने चूक करू नये म्हणून. बाटलीचा बारकोड स्कॅन का करायचा, दशांशचिन्हाआधी शून्य का लिहायचं आणि पूर्णांकापुढे 'पॉइंट झीरो' का कधीच लिहायचं नाही, हे एकामागून एक कळत जातं. यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी चुकीतून आलेला आहे.

माझ्या डोक्यात फार्मसीचा अर्थ ज्या संध्याकाळी बसला ती सांगतो. एक आई लहान मुलासाठी अमॉक्सिसिलिनचं सस्पेन्शन न्यायला आली होती. पावडरमध्ये मोजून पाणी घालून मी बाटली हलवून ठेवली होती, चौदा दिवसांनी टाकून द्या असं स्टिकर लावलं होतं. ५ मिलीत ४०० मिलिग्रॅमचं औषध, डॉक्टरांनी सांगितलेला डोस ६०० मिलिग्रॅम, म्हणजे ७.५ मिली. लेबलावर ते बरोबर छापलं होतं आणि माझ्या दृष्टीने काम संपलं होतं. फार्मासिस्टने तिला विचारलं, 'घरी कशाने मोजणार?' ती म्हणाली, 'दीड चमचा होतो ना?' कुठला चमचा, हे त्यांनी विचारलं तेव्हा तिने हाताने दाखवला, जेवायच्या चमच्याएवढा. त्यांनी खणातून तोंडाने औषध द्यायची सिरिंज काढली, साडेसातच्या खुणेवर काळ्या मार्करने रेघ ओढली, तिच्याकडून एकदा पाणी भरून दाखवून घेतलं आणि मगच पिशवी दिली. दोन मिनिटं लागली असतील. माझ्या लेबलात एकही चूक नव्हती, तरी त्या मुलाला जवळपास तिप्पट औषध गेलं असतं.

असं काही पाहिलं की त्याच दिवशी लिहून ठेवा. प्रत्येक पाळीनंतर तीन ओळी पुरतात: काय घडलं, फार्मासिस्टने काय ठरवलं, मला काय कळलं नाही. रुग्णाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील मात्र वहीतही नको आणि निबंधातही नको. खासगीपणाचा हिपा कायदा टेक्निशियनलाही लागू असतो. ही वही पुढे निबंधाला, मुलाखतीला आणि शिफारसपत्र मागताना अशी तीनदा कामाला येते.

विमा कंपनीशी होणारी झटापटही मन लावून शिका. 'रिफिल टू सून' (पुढचं औषध फार लवकर मागितलं) म्हणून नाकारलेलं बिल, डॉक्टरांकडून मागवायचं प्रायर ऑथरायझेशन (विमा कंपनीची आगाऊ मंजुरी), काउंटरपलीकडे चिडलेला माणूस. हे काम आवडणार नाही. पण चार महिने हे पाहूनही तुम्हाला फार्मासिस्ट व्हायचं असेल तर तो निर्णय डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल. आणि नकोसं वाटलं तर तेही आत्ताच कळलेलं बरं, कर्ज डोक्यावर घेण्याआधी.

नोकरी मिळालीच नाही तर मोफत दवाखाने, हॉस्पिटलमधलं स्वयंसेवी काम, एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेतली मदत यांचा विचार करा. एकाच ठिकाणी सहा महिने टिका. सहा ठिकाणी एकेक महिना काढल्याचं अर्जात चांगलं दिसत नाही.

शिफारसपत्रं नव्याने मागा

फार्मकॅसवर जास्तीत जास्त चार शिफारसपत्रं जोडता येतात आणि नव्या अर्जासाठी ती नव्याने मागवावी लागतात. त्यातलं एक तुम्हाला काम करताना पाहिलेल्या फार्मासिस्टचं असेल असं पाहा, दुसरं शास्त्रविषयाच्या प्राध्यापकांचं. नातेवाईक, कौटुंबिक स्नेही, घरचे डॉक्टर यांची पत्रं नकोत. बरीच कॉलेजं ती धरतच नाहीत. विचारताना 'पत्र द्याल का' एवढंच न विचारता 'माझ्याबद्दल खात्रीने चांगलं लिहिता येईल का' असं विचारा आणि समोरची व्यक्ती घुटमळली तर आभार मानून दुसरीकडे वळा. होकार देणाऱ्याला वहीतले तीन-चार प्रसंग लिहून द्या. महिनाभर आधी द्या.

कॉलेजांची यादी पुन्हा करा

गेल्या वेळी जिथे अर्ज केले तिथेच पुन्हा करणं म्हणजे बऱ्याचदा त्याच दारावर डोकं आपटणं. देशात फार्म.डी. देणारी सुमारे १४० कॉलेजं आहेत आणि गेल्या दशकभरात अर्जांची संख्या घसरली आहे, त्यामुळे कुठे ना कुठे प्रवेश मिळणं पूर्वीइतकं अवघड नाही. धोका इथेच आहे. प्रत्येक कॉलेजाबद्दल तीन गोष्टी तपासा: एसीपीई या फार्मसी शिक्षणक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता, नॅप्लेक्स ही परवान्याची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात किती टक्के विद्यार्थी पास होतात, आणि ठरलेल्या वेळेत किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात. निकालाचे आकडे कॉलेजांना जाहीर करावे लागतात. प्रवेश सहज मिळतो आणि नॅप्लेक्सचा निकाल वर्षानुवर्षं खाली घसरतोय, अशा ठिकाणी जाण्यापेक्षा मी आणखी एक वर्ष टेक्निशियन म्हणून काम करेन.

प्रत्येक कॉलेजाचे आवश्यक विषय तक्त्यात मांडा. एकाला स्टॅटिस्टिक्स हवं असतं, दुसऱ्याला कॅल्क्युलस, तिसऱ्याला भाषणकलेचा विषय. एक विषय राहिला म्हणून अर्ज बाद झालेली मुलं मी पाहिली आहेत.

निबंध कोऱ्या कागदावरून

जुना निबंध दुरुस्त करायला घेऊ नका. गेल्या वर्षीचा अर्ज त्याच कॉलेजाकडे आहे, आणि तेच वाक्य पुन्हा वाचायला मिळालं तर 'काय बदललं' याचं उत्तर तिथेच मिळून जातं. जागा ४,५०० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. इंग्रजीत साधारण सातशे शब्द. त्यात एक प्रसंग नीट सांगा, वहीतला. मग त्या प्रसंगाने तुम्हाला या व्यवसायाबद्दल काय कळलं आणि पदवी घेऊन कुठे काम करायचं आहे, ते सांगा.

नकाराचा उल्लेख करायचा का? करायचा, दोन-तीन वाक्यांत. गेल्या वेळी अमुक कमी होतं, तेव्हापासून मी हे केलं. रडगाणं नको, लांबलचक कारणं नकोत. घरातलं आजारपण, आर्थिक ओढाताण असं खरं कारण असेल तर तेही एका वाक्यात लिहा आणि त्यानंतरच्या ग्रेडना बोलू द्या.

मसुदा झाला की तो अशा माणसाला वाचायला द्या जो तुम्हाला ओळखत नाही आणि त्याला विचारा, 'हा माणूस फार्मासिस्टच का होतोय? नर्स किंवा डॉक्टर का नाही?' उत्तर अडखळत आलं तर निबंध अजून झालेला नाही.

अर्ज भरताना

विषयांची नोंद ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका) समोर ठेवून अक्षरशः तशीच करा, सोडलेले आणि पुन्हा दिलेले विषयही. ट्रान्सक्रिप्ट प्रत्येक कॉलेजाने थेट फार्मकॅसला पाठवायची असते. मुंबई-पुण्याकडच्या विद्यापीठाची पदवी असेल तर गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि त्या कागदांना महिने लागू शकतात, ते काम मे महिन्यातच सुरू करा. अर्ज पाठवल्यावर पडताळणीत आणखी काही आठवडे जातात. सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्ज गेला की श्वास घ्या.

अर्ज गेल्यानंतर

आता दुसरा भाग. शरद सत्राचे विषय चालू असतील तर ते पहिलं काम, कारण फार्मकॅसवर नंतर 'अ‍ॅकॅडमिक अपडेट'च्या काळात नव्या ग्रेड भरता येतात आणि कॉलेजं त्या पाहतात.

मुलाखत अनेक ठिकाणी एमएमआय (मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू) पद्धतीने होते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने वैद्यकीय प्रवेशासाठी काढलेली ही पद्धत आहे: एकामागून एक छोट्या खोल्या, दारावर एक प्रसंग, वाचायला दोनेक मिनिटं, मग आत जाऊन काही मिनिटं बोलायचं. 'सहकारी गोळ्या खिशात घालताना दिसला, काय कराल?' अशा प्रश्नांना पाठ केलेलं उत्तर चालत नाही. मित्राला घड्याळ लावून समोर बसवा, रोज दोन प्रसंग करा, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. मी स्वतःचं ऐकलं तेव्हा कळलं की प्रत्येक उत्तरात मी तीस सेकंद प्रश्नच पुन्हा सांगत होतो. निर्णयाआधी माहिती विचारायची सवय लावा: मी नेमकं काय पाहिलं, कुणाला इजा होऊ शकते, कुणाला कळवायला हवं.

'पहिल्यांदा प्रवेश का मिळाला नाही?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर एका मिनिटाचं तयार ठेवा आणि त्यात कुणालाही दोष देऊ नका.

उरलेल्या वेळात औषधं शिका. सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या दोनशे औषधांची यादी घ्या आणि आठवड्याला दहा करा, नावांच्या शेपटांवरून. '-प्रिल' आणि '-सार्टन' रक्तदाबाची, '-लोल' बीटा ब्लॉकर (हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करणारी), '-स्टॅटिन' कोलेस्टेरॉलची. फसवी जोडीही लक्षात ठेवा: ओमेप्राझोल आम्लपित्ताचं, फ्लुकोनाझोल बुरशीच्या संसर्गाचं, शेवट मात्र ऐकायला सारखाच. त्यामुळे '-प्राझोल' हे पूर्ण शेपूट धरायचं, नुसतं '-झोल' नाही. यादी पाठ करण्याची घाई नको. कामावर त्या दिवशी हातातून गेलेली पाच औषधं घरी येऊन वाचलीत तर ती विसरत नाहीत.

मुलाखतीच्या आदल्या रात्री नवीन काही वाचू नका. वही काढा आणि पहिल्या पानापासून वाचा. त्यात 'मला काय कळलं नाही' याखाली लिहिलेल्या ज्या ओळींची उत्तरं आता तुम्हाला येतात त्यांवर खूण करा. दुसऱ्या दिवशी 'काय बदललं?' असं विचारलं की त्यातल्याच दोन सांगा.